अमेरिकन कॉलेजच्या टेनिस कोचला तुमची मुलगी का हवी असेल?

नाशिकच्या एका आईने विचारले आहे: मुलगी दहावीत आहे, लहानपणापासून टेनिस खेळते, एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) १६ वर्षांखालील स्पर्धांत बऱ्यापैकी खेळते, यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा जगभर चालणारा आकडा) ७ च्या आसपास आहे. २०२८ मध्ये बारावी होईल, त्यानंतर अमेरिकेतल्या कॉलेजात स्पोर्ट्स स्कॉलरशिपवर पाठवायचा विचार आहे. एका एजन्सीने ‘शंभर टक्के स्कॉलरशिप’ची हमी देऊन पॅकेज सांगितले आहे. तर हजारो मुलांत ती उठून कशी दिसेल, आणि बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन नुसते टेनिस खेळू द्यावे का?

मी पुण्यात मुलांना टेनिस शिकवतो. त्यांतल्या ज्यांना अमेरिकेला जायचे असते त्यांचे व्हिडिओ, ईमेल, कागदपत्रे हेही बरीच वर्षे बघतो आहे. ताई, तुमच्या प्रश्नात तीन-चार प्रश्न दडलेले आहेत, म्हणून उत्तर लांबणार.

आधी ‘हजारोंत उठून दिसणे’ डोक्यातून काढा. आपल्याकडे निवड म्हटली की ट्रायल्स, यादी आणि सर्टिफिकेट. दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण असते, म्हणून आपण जिल्हा, विभाग, राज्य असे एकेक प्रमाणपत्र लॅमिनेट करून फाइलला लावतो. अमेरिकन कोचच्या टेबलावर ही फाइल कुणी उघडत नाही. त्याच्यासमोर हजार मुलांची गुणवत्ता यादीही नसते. त्याच्यासमोर असतो आठ-दहा मुलींचा संघ, आणि त्यातल्या दोन-तीन मुली पुढच्या मे महिन्यात पदवी घेऊन जाणार असतात. त्या दोन-तीन जागांवर कोण, एवढाच त्याचा प्रश्न.

हे नीट कळायला कॉलेजची लढत कशी होते ते माहीत हवे. डिव्हिजन वनमध्ये (एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या तीन विभागांतल्या सर्वांत वरच्या विभागात) आधी डबल्सच्या तीन जोड्या एकेक सेट खेळतात. तीनपैकी दोन सामने ज्या संघाने घेतले त्याला सगळे मिळून एक गुण. मग संघातल्या पहिल्या ते सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूंचे सिंगल्सचे सहा सामने, प्रत्येकी एक गुण. एकूण सात, चार झाले की लढत तुमची. ड्यूस झाला की अॅडव्हांटेज नाही, एकच पॉइंट आणि गेम संपला. आता बघा, पहिल्या क्रमांकाची स्टार जिंकली तरी एक गुण आणि सहाव्या क्रमांकाची जिंकली तरी एकच. त्यामुळे कोचची रात्रीची झोप उडते ती चार, पाच, सहा या क्रमांकांमुळे आणि डबल्सच्या त्या एका गुणामुळे.

आणि नेमके डबल्सच आपली मुले खेळत नाहीत. सिंगल्समधून बाहेर पडले की बॅग भरून घरी. एआयटीएच्या स्पर्धेत डबल्सचा ड्रॉ भरताना जोडीदार कोण तेही आदल्या संध्याकाळी ठरते. तुमच्या मुलीची व्हॉली बरी असेल, पहिली सर्व्हिस आत पडत असेल आणि रिटर्न खाली पायाशी टाकता येत असेल, तर तिच्याएवढ्याच यूटीआरच्या, पण बेसलाइनवरून हलायला तयार नसलेल्या दहा मुलींपेक्षा ती कोचला जास्त उपयोगाची. पुढची दोन वर्षे तिने एक जोडीदार धरून डबल्स खेळावे. शिकवण्याच्या बाबतीत माझा याहून मोठा सल्ला नाही.

आता यूटीआर. कोच लोक ईमेल उघडल्या उघडल्या तोच आकडा बघतात, कारण नाशिकमधली मुलगी आणि माद्रिदमधली मुलगी त्यांना एकाच फूटपट्टीने मोजता येते. एआयटीए क्रमवारी त्यांना फारशी समजत नाही. आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) ज्युनियर क्रमवारी समजते. डिव्हिजन वनमध्ये निम्म्याहून जास्त टेनिसपटू परदेशी आहेत, म्हणजे स्पर्धा स्पेन, अर्जेंटिना, सर्बिया, जपान सगळ्यांशी आहे. मुलींसाठी माझा ढोबळ अंदाज असा: देशातल्या पहिल्या पंचवीस संघांत यायला १० च्या वर, मधल्या फळीतल्या डिव्हिजन वन संघांना ८ ते ९.५. आज ७ असलेली मुलगी दोन वर्षांत ८ पार करू शकते, त्यात नवल काही नाही. पण त्यासाठी स्पर्धा विचार करून निवडाव्या लागतात. आपल्याहून खालच्या मुलींना ६-०, ६-१ हरवून ट्रॉफी घरी आणली तर यूटीआर जागेवरच राहतो. वरच्या मुलीकडून ६-४, ७-५ असे हरली तर तो चढू शकतो, कारण त्यात गेम मोजले जातात. आयटीएफच्या जे-३० या सुरुवातीच्या पातळीच्या ज्युनियर स्पर्धांच्या क्वालिफाइंगमध्ये खेळून हरणे हे घरच्या क्लबचा चषक जिंकण्यापेक्षा कामाचे आहे. आजोबांना हे पटवून देणे अवघड असते, ते मी जाणतो.

कॉलेजांच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो. एनसीएएत तीन विभाग. वन आणि टू खेळासाठी स्कॉलरशिप देतात. थ्री देत नाही, पण अभ्यासातल्या गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत देतो. आयव्ही लीगही (हार्वर्ड, येल वगैरे विद्यापीठांचा गट) खेळाची स्कॉलरशिप देत नाही. त्याशिवाय एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे (आपली अकरावी-बारावी नव्हे, बारावीनंतरची) आहेत. डिव्हिजन वन हे नाव ऐकूनच पालकांचे डोळे चमकतात, म्हणून मुद्दाम सांगतो: डिव्हिजन थ्रीच्या एमरी विद्यापीठाचा मुलींचा संघ किंवा डिव्हिजन टूमधल्या बॅरीचा संघ हा डिव्हिजन वनच्या तळाच्या कितीतरी संघांना हरवेल. एनएआयएत जॉर्जिया ग्विनेट कॉलेजचा टेनिसमध्ये वर्षानुवर्षे दबदबा आहे, आणि तो संघ परदेशी मुलांच्या जोरावर उभा आहे. टेक्सासमधले टायलर ज्युनियर कॉलेजही तसेच. तिथून दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जाणारी मुले असतात.

मग शोधायचे कसे? कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या वेबसाइटवर संघाची यादी असते, शेजारी प्रत्येकीचे वर्ष. ज्यांच्या नावापुढे ‘सीनियर’ (चौथे, शेवटचे वर्ष) आहे त्या जाणार. तुमच्या मुलीसाठी २०२८ च्या मे महिन्यात कोण जाणार ते महत्त्वाचे, म्हणजे २०२६-२७ मध्ये ज्या ‘ज्युनियर’ (तिसऱ्या वर्षाला) असतील त्या. मग निकालांचे पान उघडायचे: चार, पाच, सहा क्रमांकांवर कोण खेळते, तिचा यूटीआर किती. तुमच्या मुलीचा पुढच्या दोन वर्षांतला अपेक्षित आकडा त्याच्या आसपास येत असेल तर ते कॉलेज यादीत घ्यायचे. परदेशी मुली आहेत का तेही बघा. एकही नसेल तर त्या कोचला व्हिसाची भानगड नको आहे असे समजायला हरकत नाही. हे काम रटाळ आहे. शनिवार-रविवारी मुलीला शेजारी बसवून करा. साठ-सत्तर कॉलेजे चाळली की त्यांतली वीस-पंचवीस हाताशी लागतात.

या वाटेने गेलेली आपली माणसे आहेतच. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि २००७ व २००८ अशी सलग दोन वर्षे एनसीएएचा सिंगल्स विजेता होता. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, पुढे हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. म्हणजे कॉलेजला गेले की टेनिस संपले, ही भीती बाळगू नका.

आता व्हिडिओ. इथे लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात आणि सर्वांत कमी मिळवतात. ड्रोन शॉट, गाणे, स्लो मोशनमधला फोरहँड, शेवटी ट्रॉफीसह फोटो. कोच पहिल्या अर्ध्या मिनिटात बंद करतो. त्याला हवे असते ते असे: मोबाइल आडवा, ट्रायपॉडवर, बेसलाइनच्या मागे कुंपणाच्या जाळीपाशी उंचावर, पूर्ण कोर्ट दिसेल असा. गाणे नाही, चेंडूचा आवाज येऊ द्या. चेंडू रॅकेटच्या मधोमध बसतो का ते आवाजावरून कळते. सुरुवातीला एक पाटी: नाव, गाव, कोणत्या वर्षी बारावी, उंची, यूटीआर, आणि ‘निळ्या टी-शर्टमधली ती’. मग लगेच सामन्यातले पॉइंट. पाच-सहा मिनिटे पुरे. त्यात डबल्सचे दीड-दोन मिनिटे असू द्या आणि दोन-तीन हरलेले पॉइंटही असू द्या. हरलेल्या पॉइंटनंतर मुलगी काय करते, रॅकेट आपटते, वडिलांकडे बघते की पाठ फिरवून रॅकेटच्या तारा ठीक करते, हे कोच लोक फार बारकाईने बघतात. कारण कॉलेजच्या लढतीत सहाही क्रमांकांचे सामने शेजारी शेजारी चालू असतात, एकीने मान टाकली की पलीकडच्या कोर्टवर कळते. सोबत एका पूर्ण सेटची न कापलेली लिंक द्या, आपल्याच तोडीच्या मुलीविरुद्धच्या सामन्याची. हार्ड कोर्टवरचे चित्रण पाठवा, कॉलेज टेनिस बहुतांश त्यावरच होते. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवले की झाले.

ईमेल मुलीने लिहायचा. वडिलांच्या ऑफिसच्या पत्त्यावरून आलेला ईमेल कोच ओळखतो आणि पुढची चार वर्षे हे गृहस्थ आपल्याला फोन करत राहणार, असे त्याच्या मनात येते. विषयाच्या ओळीतच काम झाले पाहिजे: नाव, २०२८, भारत, यूटीआर ७.१, डावखुरी असेल तर डावखुरी. आत सहा-सात ओळी. पहिली ओळ त्या कॉलेजबद्दलची खरी गोष्ट असावी, जी दुसऱ्या कॉलेजला पाठवता येणार नाही. उदाहरणार्थ, ‘मार्चमधल्या लढतीत तुमच्या संघाने डबल्सचा गुण घालवूनही ४-३ ने जिंकलेले मी वाचले, मी गेले वर्षभर एकाच जोडीदाराबरोबर डबल्स खेळते आहे.’ मग दहावीचे गुण, कोणत्या विषयात पदवी करायची आहे, पुढच्या तीन स्पर्धा कुठे आणि कधी, व्हिडिओची लिंक, यूटीआरच्या पानाची लिंक, कोचचा नंबर. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ नको. कोचचे नाव लिहा आणि ते बरोबर लिहा. एकाच वेळी चाळीस कोचना एका ईमेलमध्ये कॉपी केलेले मी पाहिले आहे. त्या चाळीसही जागा त्या दिवशी बंद झाल्या.

उत्तर आले नाही तर खचू नका. डिव्हिजन वनच्या टेनिस कोचला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूला भरतीबद्दल उत्तर द्यायची परवानगी नसते. मुलीने मात्र आधी लिहायला हरकत नाही, तो वाचतो. त्या आधी काही आले तर बहुधा उन्हाळी कॅम्पचे माहितीपत्रक येईल. ते सगळ्यांना जाते, कॅम्प हे कोचच्या उत्पन्नाचे साधन असते. एका पालकांनी ते निवडपत्र समजून तिकिटे बघायला सुरुवात केली होती. डिव्हिजन थ्रीला असे बंधन नाही, तिथून उत्तरे लवकर येतात. गप्प बसलेल्या कोचला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लिहायचे, पण नवीन काही सांगण्यासारखे असेल तेव्हाच: यूटीआर चढला, वरच्या मुलीला हरवले, अकरावीचा निकाल आला.

अभ्यासाकडे वळतो, कारण तिथे मुले सहज अडकतात. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला (खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाला) नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका लागतात. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, परकी भाषा असे विषय ते धरतात. डिव्हिजन वनला चार वर्षे इंग्रजी आणि तीन वर्षे गणित लागते. पण अकरावीला सरावासाठी वेळ हवा म्हणून गणित सोडून देणे, किंवा एनआयओएस या मुक्त विद्यालयातून बारावी करताना सोपे पडतील म्हणून पेंटिंग आणि गृहविज्ञान घेणे, हे खेळाडूंच्या घरात फार सहज होते. इकडे पास होते, तिकडे विषयच धरला जात नाही. एनसीएएने एसएटी या प्रवेशपरीक्षेची अट २०२३ मध्ये काढली आहे, पण काही कॉलेजे स्वतः मागतात आणि चांगला स्कोअर असेल तर अभ्यासाची स्कॉलरशिप वेगळी मिळते. कोचच्या दृष्टीने ती फुकटात आलेली रक्कम: त्याच्या वाट्याचे पैसे वाचतात. सत्तर टक्के आणि नव्वद टक्के यांत निवड करायची असेल तर तो नव्वदवालीकडे झुकतो, याचे हेही एक कारण आहे.

आता तुमचा ड्रॉपचा प्रश्न. टेनिसच्या बाबतीत मी सरळ नको म्हणतो. शाळा संपली की घड्याळ सुरू होते. डिव्हिजन वन टेनिसचा आजवरचा नियम असा, की शाळा संपल्यावर सहा महिन्यांच्या आत कॉलेजला लागला नाहीत आणि त्यानंतरही स्पर्धा खेळत राहिलात, तर कॉलेजमधला खेळायचा काळ कापला जातो. नियमांची भाषा अधूनमधून बदलते, त्यामुळे त्या त्या वर्षी एलिजिबिलिटी सेंटरच्या वेबसाइटवर पडताळून घ्या. पण नीटच्या मुलांसारखा ड्रॉप इथे चालत नाही. ऑगस्ट २०२८ ला जायचे, नाही जमले तर जानेवारी २०२९. बक्षिसाच्या रकमेचेही तसेच: कॉलेजच्या आधी वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत आणि त्यावर प्रत्यक्ष खर्चाइतकी रक्कम घेता येते, असा टेनिसचा नियम बरीच वर्षे होता; आता काय आहे तेही तिथेच बघा. आपल्या मुली क्वचितच तिथवर पोचतात, तरी प्रवास, हॉटेल, प्रवेश फी यांच्या पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात.

एजन्सीबद्दल. पॅकेज किती लाखांचे ते तुम्ही लिहिले नाही. ठरावीक फी घेऊन मदत करणारे लोक असतात, त्यात गैर काही नाही. मीही माझ्या वेळेचे पैसे घेतो. पण ‘मिळालेल्या स्कॉलरशिपच्या दहा टक्के’ असा करार असेल तर सही करू नका. कॉलेजात लावून दिल्याबद्दल स्कॉलरशिपवर अवलंबून असलेला मोबदला एनसीएएच्या नियमांत बसत नाही, आणि त्यात मुलीची पात्रता जाऊ शकते. शंभर टक्क्यांची हमी तर कुणीच देऊ शकत नाही, कारण पैसे कोच देतो, एजन्सी नाही.

पैशांचे चित्र २०२५ पासून बदलले आहे. पूर्वी डिव्हिजन वनच्या मुलींच्या टेनिस संघाला आठ पूर्ण स्कॉलरशिप असत; मिळाली तर पूर्ण, नाहीतर नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या हाउस समझोत्यानंतर (‘हाउस’ हे एनसीएएविरुद्धच्या खेळाडूंच्या खटल्याचे नाव), त्यात सामील झालेल्या कॉलेजांत संघाची मर्यादा दहा खेळाडूंची झाली आणि त्या दहांत पैसे कसेही वाटायची मुभा आली. म्हणजे जागा दहा, पण अर्धी, पाव अशीही ऑफर येऊ शकते. त्याच समझोत्याने फुटबॉल, बास्केटबॉलच्या खेळाडूंना थेट पैसे द्यायची वाट उघडली, आणि खर्च वाढल्यावर काही कॉलेजांनी टेनिसचे संघच बंद केले. शिवाय ट्रान्स्फर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) कोच अठरा वर्षांच्या नव्या मुलीऐवजी दुसऱ्या कॉलेजातली एकवीस वर्षांची तयार मुलगी घेतो. यावर आपल्या हातात एवढेच, की यादीत फक्त डिव्हिजन वन ठेवायचे नाही. ‘एनआयएल’चे (खेळाडूच्या नाव-चेहऱ्याच्या जाहिरातीचे) लाखो डॉलर वगैरे जे रीलमध्ये दिसते ते विसरा, एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला अमेरिकेत तसे कमावण्यावर कडक बंधने आहेत. आणि पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तरी राहण्या-जेवण्याच्या भागावर तिथे कर लागतो. भारतीय विद्यार्थ्यांना करारामुळे प्रमाणित वजावट मिळते, ती रिटर्न भरताना घ्यायला विसरू नका.

कोचने व्हिडिओ कॉल मागितला तर तुम्ही आणि मुलीचे बाबा सुरुवातीला नमस्कार करून उठा. बोलू द्या तिला, इंग्रजी अडखळले तरी. तिने प्रश्न विचारले पाहिजेत: माझ्या जागेवर आत्ता कोण खेळते, मला तुम्ही कोणत्या क्रमांकावर बघता, दुखापत झाली तर स्कॉलरशिपचे काय, गेल्या दोन वर्षांत किती मुली संघ सोडून गेल्या, संघ चालू राहील याबद्दल कॉलेज काय सांगते. पैशांचा विषय दुसऱ्या कॉलला, तेव्हा तुम्ही बसा. आणि तोंडी ऑफरवर पेढे वाटू नका. पूर्वी सही करायचे ते नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. आता कॉलेजचा लेखी आर्थिक मदतीचा करार हाच कागद. त्यात रक्कम, कशाकशासाठी, आणि एका वर्षासाठी की चार, हे वाचा. एका वर्षाचा असेल तर बाकीची तीन वर्षे घरून भरायची वेळ आली तर झेपेल का, हा हिशेब सही करण्याआधी मांडा.

तूर्त तिची दहावीची परीक्षा होऊ द्या. एप्रिल-मेमध्ये दोन हार्ड कोर्ट स्पर्धांचे चित्रण करा, डबल्ससकट, आणि वीस कॉलेजांची यादी घेऊन १५ जूनच्या आधी पहिले ईमेल जाऊ द्या.